बंगल्यावरचे साहेब

मंगळवार, ९ जानेवारी. कडाक्याची थंडी. दूध उशिरा आलं. दहाच्या सुमारास भाचा नवीन बाईला घेऊन आला. धाकटीने बाईकडे पाहिलं नाही. बाईने मात्र सगळं घर पाहून घेतलं. दुपारी सूप आणि टोस्ट. बैठकीतल्या पडद्याची एक कडी तुटली.

त्या दिवशी डायरीत मी एवढंच लिहिलं. नव्या बाईवर जास्त शाई खर्च करावी असं वाटलं नाही, कारण आमच्याकडे बाया येत तशाच जात.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केली. पूर्वी लांबचा फोन लावायचा तर मध्ये कोणीतरी बाई असे आणि ती बाई आपलं बोलणं ऐकते असा सगळ्यांना संशय असे. तो संशय खरा होता. मंत्र्यांपासून मटणवाल्यापर्यंत सगळ्यांचे आवाज ऐकून धाकटीला एक खोड लागली. माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच ती त्याची लायकी ठरवून मोकळी. निवृत्त झाल्यावर मणक्याचं ऑपरेशन झालं आणि कंबरेखालचं शरीर तिचं राहिलं नाही. तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत असते आणि मी तिच्या मागे. माझे यजमान गेल्यावर ती माझ्याकडेच राहायला आली. पण माझ्या गुडघ्यांना माझंच वजन पेलत नाही, तिला कुठून उचलणार? म्हणून बाया.

पहिली बाई लाडात बोलायची. "आता आपण छान छान अंघोळ करायची हं!" धाकटी म्हणाली, "तुम्ही करा, मी बाहेर थांबते." दुसरी अंघोळ घालतानाही कानाला फोन लावून असे. तिसरीचे उच्चार धाकटीने सुधारायला घेतले, ती आठवडाभरात गेली. मग भाच्याने आम्हा दोघींना समोर बसवलं. आमच्या भावाचा हा मुलगा. बँकेचं, डॉक्टरचं, विजेचं, सगळं तोच बघतो आणि बघतो हे बोलूनही दाखवतो.

"आत्या, ही शेवटची. ही टिकली नाही तर मग रेसिडेन्सी. कबूल?"

रेसिडेन्सी म्हणजे वृद्धाश्रम. तो शब्द भाचा उच्चारत नाही. त्याने आणलेल्या रंगीत पत्रकावर एक म्हातारं जोडपं सॅलडच्या वाडग्याकडे बघून खदाखदा हसत होतं.

"एवढे दात असते तर मीही हसले असते," धाकटी म्हणाली. पण कबूल केलं, कारण दुसरा उपाय नव्हता.

ती जागा तिला ठाऊक होती. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा ती तिथे राहून आली होती. उशाशी एक बेल असते. ती दाबायची आणि वाट बघायची. आयुष्यभर जिने एक्सचेंजच्या बोर्डावर दिवा लागला की पुढच्या क्षणाला कॉल उचलला, तिची बेल तिथे कोणी उचलत नव्हतं. परत आल्यावर ती बरेच दिवस त्याबद्दल काही बोलली नाही, आणि धाकटी बोलत नाही तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

तर ही नवी बाई. पन्नाशीची, काटक, केस घट्ट बांधलेले. आल्या आल्या तिने धाकटीच्या पलंगावरून हात फिरवला, चादर खेचून सरळ केली आणि म्हणाली, "बंगल्यावर अशी चादर चालत नव्हती."

"कुठल्या बंगल्यावर?" मी विचारलं.

तिने टेकडीवरच्या त्या मोठ्या बंगल्याचं नाव घेतलं. शहरात ते नाव घेतलं की माणसं आपसूक ताठ बसतात. भाचाही ताठ बसला.

"साहेबांना मी सांभाळायची. शेवटपर्यंत. पाय गेले होते त्यांचे."

"कोण, मालकांचे वडील का?" भाच्याने विचारलं.

"घरातले सगळ्यात जुने," ती म्हणाली आणि उशी झटकायला लागली.

ती खोलीबाहेर गेल्यावर धाकटीने निकाल दिला. "आवाज बरा आहे. शिष्टपणा नाकात आहे, घशात नाही. म्हणजे नंतर चिकटलेला." आणि तिथल्या तिथे नाव ठेवलं: बंगलेवाली.

त्यानंतर आमच्या घरावर साहेबांचं राज्य सुरू झालं. मी सूप वाफाळतं आणलं की बंगलेवाली म्हणे, "साहेब कोमटच घ्यायचे. गरम दिलं तर मान फिरवायचे, बस्स. बोलायचे नाहीत." मला माझ्या सूपची लाज वाटली. धाकटी एखाद्या गोष्टीवरून ओरडली की ती म्हणे, "साहेबांनी कधी आवाज चढवला नाही. फार झालं तर घशातल्या घशात काहीतरी म्हणायचे. समोरचा आपोआप सुधारायचा." धाकटीने एके दिवशी वर्तमानपत्रवाल्यावर तसं करून पाहिलं. त्याने घसा दुखतोय का विचारलं.

"पाहुणे आले तर साहेब दारावरच ओळखायचे, कोण चांगलं कोण वाईट."

"अनुभव असतो," मी म्हटलं.

"गाडीत बसायची फार हौस. खिडकीची काच खाली करून. तोंडावर वारा लागला की डोळे मिटून घ्यायचे."

"रसिक माणूस," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच मत्सर ऐकला.

आता लिहिताना हसू येतं, पण त्या दिवसांत मी कपाटातल्या चांगल्या बशा बाहेर काढल्या. लग्नात आलेल्या. यजमान होते तोवर त्यांना कधी त्यात चहा मिळाला नाही, "पाहुण्यांसाठी आहेत" म्हणून. आता एका अनोळखी माणसाच्या आठवणीला बरं दिसावं म्हणून त्या रोज टेबलावर येऊ लागल्या. कॉन्व्हेंटमध्ये नन आम्हाला नॅपकिनच्या घड्या घालायला शिकवत, ती विद्या साठ वर्षांनी कामाला आली. बंगलेवाली त्या घड्या बघायची आणि काही म्हणायची नाही. काही न म्हणणं हाच तिचा उत्तम शेरा होता.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त वकील राहतात. ते संध्याकाळी चौकशीला वर आले तेव्हा मी सहज साहेबांचा विषय काढला.

"अहो, म्हणजे काय! भेटलोय ना मी त्यांना," वकील म्हणाले. "एका समारंभात. फार कमी बोलणारा माणूस. पण नजर! नजरेत सगळं."

"असेच होते," बंगलेवाली चहाचा ट्रे ठेवत म्हणाली. तिने क्षणभर वकिलांकडे असं बघितलं की मला वाटलं, तिला त्यांचा आदर वाटला असावा.

भाचेसुनेला तर दिवाळखोराला खजिना सापडावा तसं झालं. पूर्वी ती आमच्याकडे महिन्यातून एकदा यायची आणि खुर्चीच्या कडेला बसायची. आता आठवड्याला यायला लागली. "आमच्या आत्यांकडे आहे ना, ती त्या बंगल्यावरची आहे," असं ती फोनवर कोणाला तरी आमच्या देखत सांगे. इमारतीतल्या बायका जिन्यात थांबून बंगलेवालीला "कशा आहात?" विचारत. त्याच बायकांनी मागच्या बाईला रहिवाशांच्या मोठ्या लिफ्टने येऊ दिलं नव्हतं.

कामाबद्दल मात्र लिहायलाच हवं. बंगलेवाली एका धोब्याच्या घरात वाढलेली. लहानपणापासून इस्त्री केलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांवरच झोपलेली, असं ती सांगे. पुढे बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंग, मग एका हॉटेलात चादरी-टॉवेलांचं खातं. नवरा होता, तो एक दिवस कामावर गेला आणि दुसऱ्या गावी सुखी झाला. हे ती अगदी सरळ सांगायची, पावसाचं सांगावं तसं. तिने घातलेल्या चादरीला सुरकुती नसे, आणि ज्याला पाठीखाली काय टोचतंय ते कळत नाही त्याच्यासाठी सुरकुती म्हणजे जखमेची सुरुवात.

दुसरी गोष्ट म्हणजे ती काही विचारायची नाही. "बरं वाटतंय का? पाणी हवंय का? दुखतंय का?" हे आधीच्या बायांचं पालुपद तिच्या तोंडी नव्हतं. ती बघायची. लांब उभी राहून, मान तिरकी करून, बराच वेळ. मग येऊन उशी सरकवायची किंवा खिडकी लावायची, आणि धाकटीला नेमकं तेच हवं असायचं.

"हिला सांगावं लागत नाही, ताई," धाकटी मला म्हणाली. "किती आराम आहे."

पण त्याच सवयीवरून एकदा कडाक्याचं वाजलं. धाकटी खिडकीत बसून समोरच्या गॅलरीतल्या शिक्षिकेशी गप्पा मारत होती. तेवढ्यात बंगलेवाली मागून आली, ब्रेक काढला आणि खुर्ची फिरवून आत घेऊन आली. शिक्षिकेचं वाक्य हवेत राहिलं.

"काय चाललंय हे?"

"ऊन आलं तोंडावर. डोळे मिचकावत होता तुम्ही."

"मी बोलत होते!"

"बोलणं काय, नंतरही होतं."

"मी सामान आहे का? इकडून उचललं, तिकडे ठेवलं? तोंड आहे मला. विचारायचं!"

बंगलेवालीचा चेहरा पडला. मी तिला पहिल्यांदा गोंधळलेलं पाहिलं. "साहेब काही म्हणायचे नाहीत," ती हळूच म्हणाली.

"तुझे साहेब खड्ड्यात जाऊ देत," धाकटी म्हणाली. रागाच्या भरात अहो-जाहो सुटलं, ते परत आलं नाही. मला ते बरं लक्षण वाटलं.

मग त्या सोलवटलेल्या जागेचं प्रकरण आलं. एका सकाळी बंगलेवाली दारात उभी राहून बघत होती आणि एकाएकी म्हणाली, "तुम्ही परवापासून डावीकडे कलताय. कूस वळवा, बघू दे."

"काही नाहीये."

"कूस वळवा."

उजव्या बाजूला, बसायच्या हाडावर, कातडी लाल होऊन सोलवटली होती. जखमेपर्यंत गेली नव्हती, पण वाट त्याच गावाची होती. धाकटीला हे माहीत होतं. अंघोळीच्या वेळी हात लागला होता, हातातल्या आरशात पाहिलं होतं, आणि मुद्दाम कोणाला न सांगता ती त्या बाजूचा भार चुकवत होती. भाच्याला कळलं असतं तर रेसिडेन्सीला निमित्त मिळालं असतं.

"त्याला सांगशील?" तिने बंगलेवालीला विचारलं. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मला गृहीत धरण्याचा तिचा हक्क जुना आहे.

"डॉक्टरांना सांगायचं," बंगलेवाली म्हणाली. "बाकी कोणाला सांगून जागा बरी होते का?"

डॉक्टर आले, मलम दिलं, खुर्चीतली गादी बदलायला सांगितली. पुढचे काही आठवडे बंगलेवालीने धाकटीला ठरल्या वेळी कुशीवर वळवलं, बसण्याची वेळ कमी केली, आणि त्या जागेला वारा लागावा म्हणून खोलीत अशी काही व्यवस्था लावली की मला दार ठोठावून यावं लागे. भाचा आला की तिघी मिळून हवापाण्याच्या गप्पा मारायचो. जागा भरून आली. त्या काळात धाकटीने तिच्याकडून केस विंचरून घेतले. हे फक्त मला कळेल. आईनंतर तिच्या डोक्याला तिने कोणाला हात लावू दिला नव्हता.

सगळं असं मार्गी लागलेलं असताना भाचेसून एका लग्नाच्या स्वागत समारंभाला गेली.

झालं ते तिने दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमच्या बैठकीत उभ्या उभ्या सांगितलं. समारंभात बंगल्याच्या मालकीणबाई आल्या होत्या. भाचेसुनेने घोळक्यातून वाट काढली, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "साहेब गेले, फार वाईट वाटलं. आमच्याकडे तुमची बाई आहे ना, ती सारखी आठवण काढते. किती शांत स्वभाव. आणि ते गाडीच्या खिडकीतून वारा घेणं!"

मालकीणबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग शेजारी बशी घेऊन उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्याकडे.

"सासरे, म्हणजे..." भाचेसून म्हणाली.

"सासरे गेले तेव्हा मी शाळेत होते," मालकीणबाई म्हणाल्या. मग त्यांना उलगडा झाला आणि त्या हसल्या. आजूबाजूच्या चार बायकांना बोलावून परत हसल्या. "अहो, ती आमच्या कुत्र्याला सांभाळायची!"

"चार बायकांसमोर!" भाचेसून आम्हाला म्हणाली. "मी कुत्र्याचं सांत्वन केलं!" तिचा आवाज फाटला. एवढं दुःख तिला आमचा भाऊ, म्हणजे तिचा सासरा, गेला तेव्हाही झालं नव्हतं.

बंगलेवाली तेव्हा धाकटीच्या पायात मोजे चढवत होती. ती थांबली नाही. दुसरा मोजा चढवला, टाचेवरची शिवण सरळ केली, मग उभी राहिली.

"काय गं, कुठले साहेब होते तुझे?" भाचेसुनेने पर्स टेबलावर आपटली.

"कुत्रा होता," बंगलेवाली म्हणाली.

"साहेब नाव होतं का त्याचं?" मी विचारलं. अजून कुठेतरी मानाची वाट सापडते का, ते बघत होते.

"नाही. नाव दुसरंच होतं. मी खोटं बोलले."

भाचा तिच्याबरोबर आला होता. आता त्याला हवी ती जागा मिळाली. "म्हणजे माणसाचा अनुभव शून्य! आणि आपण आत्याला हिच्या हवाली केलं! कुत्र्याच्या बाईच्या!" त्याने बॅगेतून ते पत्रक काढलं. सॅलडकडे बघून हसणारं जोडपं परत आमच्या टेबलावर आलं. "आत्या, ठरलं होतं आपलं. शेवटची संधी म्हणून. खोली रिकामी आहे, मी सकाळीच फोन केला. गाडी खाली आहे. सही वगैरे नंतर, नुसतं बघून येऊ."

धाकटी त्याच्याकडे बघतच नव्हती. बंगलेवाली आपल्या खोलीत निघून गेली आणि कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. तशी धाकटीने स्वतःच ब्रेक काढला आणि खुर्ची त्या खोलीकडे वळवली.

बंगलेवालीला राहायला दिलेली ती खोली पूर्वी अडगळीची होती, तिचं दार अरुंद. खुर्ची आत जात नाही. चाकं चौकटीला लागली आणि धाकटीला उंबऱ्याबाहेरूनच बोलावं लागलं. मी स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेले. तिथून सगळं ऐकू येतं, म्हणूनच गेले.

"किती कपडे आहेत तुझे? इतका वेळ घड्या घालते आहेस."

"माझ्या घड्या नीट असतात."

"खोटं का बोललीस?"

"खरं बोलून बघितलं होतं आधी. कुत्रा म्हटलं की लोक माझ्या हातांकडे बघायचे. एका घरी सोफ्यावरून उठवलं मला. मग एजन्सीत बसले होते, तिथल्या बाईने विचारलं, कोणाला सांभाळलंस. तोंडातून साहेब निघालं. तशी ती लगेच म्हणाली, बसा ना. आधी बस म्हणाली होती, आता बसा."

आतून आणखी एक कपडा झटकल्याचा आवाज आला.

"त्याला काय झालं होतं?" धाकटीने विचारलं.

"मागचे पाय गेले होते. तुमच्यासारखेच."

"मोठ्या घराण्यातला असेल."

"कसला मोठ्या घराण्यातला! रस्त्यावरचा होता. गाडीखाली आला तेव्हाच पाय गेले. बंगल्यातल्या मुलीने उचलून आणला."

मी हातातली बशी खाली ठेवली. लग्नातली.

"आणि तू मला त्याच्यासारखं सांभाळलंस," धाकटी म्हणाली. हा आवाज मी ओळखते. एक्सचेंजमध्ये या आवाजानंतर मुली रडत.

"हो. मला दुसरं येत नव्हतं."

"म्हणून विचारायची नाहीस."

"त्याला विचारून काय उपयोग? बघावं लागायचं. तुम्ही पण तशाच. दुखलं तर मेलात तरी सांगणार नाही. तो निदान कण्हायचा."

धाकटीने खुर्चीचा ब्रेक लावला. मग म्हणाली, "त्याला जखमा झाल्या होत्या?"

"एकदा. मी आजारी पडले तेव्हा. परत आल्यावर भरून काढल्या."

"मग मेला कशाने?"

"मेला नाही तो. मुलगी शिकायला लांब गेली. बाकीच्यांना वास यायला लागला. मी बाजारात गेले होते, परत आले तर त्याची गादीच नव्हती जागेवर. जरा फिरवून आणतो म्हणून गाडीत घातलं म्हणे. डॉक्टरकडे, ते कायमचं झोपवायचं इंजेक्शन देतात ना. गाडीची आवड त्याला. खुशीत गेला असेल."

तेवढ्यात बैठकीतून भाच्याची हाक आली. त्याला आतलं काही ऐकू गेलं नव्हतं, त्याची काही चूक नव्हती. "आत्या, चल ना! नुसतं जरा फिरून येऊ गाडीतून!"

मी बाहेर डोकावले. धाकटी हसत होती. तोंडावर हात धरून, खांदे हलवत. मग हसण्यातलं हसू संपलं आणि खांदे तेवढे हलत राहिले. बंगलेवाली दारात आली. ती खाली वाकली, पण धाकटीला हात लावला नाही. आधी नेहमीसारखी बघत राहिली. मग, मी माझ्या कानांनी ऐकलं, तिने विचारलं, "काय करू? पाणी आणू, का नुसतं थांबू?"

"थांब," धाकटी म्हणाली.

ती थांबली. भाचा आणि भाचेसून दोघंही आता पॅसेजमध्ये येऊन उभे होते. धाकटीने डोळे पुसले, नाक शिंकरलं.

"राहशील का?" तिने बंगलेवालीला विचारलं. माझ्या आठवणीत धाकटीने कोणाकडे काही मागितल्याचा हा पहिला प्रसंग. आवाज तिच्या मापाने फारच बारीक निघाला.

"आत्या!" भाचा म्हणाला. "तिने आपल्याला फसवलंय."

"तुला काय फसवलं? तुझी पाठ आहे का ती?" धाकटी म्हणाली. "जिची पाठ आहे तिच्याशी ती बोलते आहे."

बंगलेवाली लगेच हो म्हणाली नाही. तिने दाराच्या चौकटीवर हात ठेवला आणि बंगल्यावरच्या थाटात हनुवटी वर केली. तो थाट खोट्या साहेबांबरोबर जाईल असं मला वाटलं होतं. तिचा स्वतःचाच निघाला.

"राहीन. पण दुखलं तर तोंडाने सांगायचं. मी ओळखून ओळखून दमले. त्याला तोंड नव्हतं, तुम्हाला आहे. सगळ्या इमारतीला ऐकू जाईल एवढं आहे."

"आणि तू विचारायचंस. खुर्ची हलवायच्या आधी."

"विचारीन."

"आणि त्या साहेबाचं रोज नको सांगू."

"त्याचं सांगणार," बंगलेवाली म्हणाली. "पण खरं सांगेन."

भाच्याने सुस्कारा सोडला. "हे बघ आत्या, मग उद्या काही झालं तर माझी जबाबदारी नाही."

"बरं," धाकटी म्हणाली. "आज तुझ्याकडून मिळालेली ही पहिली स्पष्ट गोष्ट. ताई, पत्रक दे त्याला परत, नाहीतर विसरेल."

मी पत्रक दिलं. भाचेसुनेने पर्स उचलली आणि दाराशी जाऊन मला खालच्या आवाजात विचारलं, "तुम्ही बायकांना सांगणार नाही ना? ते समारंभातलं?" मी म्हटलं, मी कशाला सांगू. वकिलांना तेवढं त्याच संध्याकाळी सांगितलं, कारण ते साहेबांना भेटले होते. वकील जरा विचारात पडले आणि म्हणाले की ते भेटले ते दुसरे साहेब असावेत.

भाचा पुढच्या महिन्यात आला, नेहमीसारखा, विजेचं बघायला. रेसिडेन्सीचा विषय त्याने काढला नाही. इमारतीत बातमी पसरायची ती पसरलीच, आणि जिन्यातल्या बायकांचं "कशा आहात?" पुन्हा "काय गं" वर आलं. बंगलेवाली मोठ्या लिफ्टनेच येते-जाते. कोणी अडवलं तर घशातल्या घशात काहीतरी म्हणते.

त्या रविवारी मी नेहमीप्रमाणे डायरी काढली. भाचा-भाचेसून येऊन गेले, चहा झाला, बाई राहणार, असं लिहिलं. मग आठवलं म्हणून खाली आणखी एक ओळ लिहिली: न्हाणीघराचा नळ गळतो आहे, वॉशर बदलायला हवा, तूर्त खाली बादली ठेवली.